सात नंबरचं पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही टायरवाल्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. प्रत्येक पानावर वर टायरचं चित्र आहे. महिनाभर दुकानात फोनखाली पडून होती. आज उघडली, कारण आजपासून नवं काम सुरू होतंय आणि नव्या कामाची नोंद ठेवलीच पाहिजे, असं आमच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.

शास्त्रज्ञ म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काचेच्या नळ्या धुवायचा. नळ्या धुता धुता त्यांच्यातलं शास्त्र आपल्या अंगात मुरलं, अशी त्याची समजूत आहे. कारखाना बंद पडला तसा माझ्या गाडीधुलाईच्या दुकानात आला. एकटा जीव. पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन राहतो आणि दोन्ही वेळा जेवतो आमच्याकडे. ही त्याला अजून 'धाकट्या' म्हणते, एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला.

नवं काम म्हणजे क्ले. गाडी कितीही धुतली तरी रंगावर काही ना काही चिकटून राहतंच. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी, झाडाचा चीक, डांबराचे ठिपके. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवर बोटं फिरवली की समजतं. आज त्याने माझ्याकडून ते करवून घेतलं. गाडी मीच धुतलेली, आणि बोटांना लागली सगळी खरखर. एवढी वर्षं गाड्या धुतोय, त्यातली एकही धड धुतली नाही की काय, असं वाटून गेलं.

क्ले म्हणजे मुलांच्या खेळातल्या मातीसारखी वडी. मळून गोळा करायचा, चपटा करायचा आणि रंगावरून हलक्या हाताने फिरवायचा. चिकटलेलं सगळं तो ओढून घेतो. कोरडा फिरवला तर रंग खराब करतो, म्हणून मधे काहीतरी निसरडं पाणी लागतं. कुठला गोळा घ्यायचा आणि कुठलं पाणी, हे आता ठरवायचं आहे. टायरवाला म्हणाला, "गाडी धुऊन झाल्यावर माती लावणार?" आणि बराच वेळ एकटाच हसत बसला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भंगारवाल्याकडून जुन्या काळ्या गाडीचं बॉनेट आणलं. काळ्या रंगावर सगळं दिसतं, म्हणून परीक्षा काळ्यावरच घ्यायची, असं शास्त्रज्ञ म्हणाले. चिकटपट्टीने बारा चौकोन पाडले. दिवसभर दोघं त्या बॉनेटवर असे वाकलो होतो की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, आत कुणी अडकलंय.

लाल वडी कडक. काम झटपट करते, पण रंग धुरकट होतो. करडी मध्यम, जुन्या टॅक्सीला ठीक. निळी मऊ. वेळ खाते, तीनदा फिरवावी लागते, पण मागे काही ठेवत नाही. निळी पक्की केली.

पाण्याचं एवढं सोपं गेलं नाही. नळाच्या पाण्यावर गोळा जागच्या जागी चिकटला. भांड्यांच्या साबणाने निसरडं झालं, पण गोळाच विरून बोटांना लागायला लागला आणि बॉनेटवरचं उरलंसुरलं मेणही गेलं. गाडीच्या शाम्पूचा इतका फेस की खाली काय चाललंय ते दिसेना. विकतची जांभळी बाटली चांगली आहे, पण उन्हात बघता बघता वाळते.

"आपण आपलं बनवू," तो म्हणाला.

"जगात एवढे लोक बाटल्या विकतात, ते काय वेडे आहेत?"

"ते सगळ्यांसाठी बनवतात, भावोजी. आपण आपल्या पत्र्यासाठी आणि आपल्या उन्हासाठी बनवू."

अकरा वर्षं नळ्या धुतलेला माणूस. बोलणार कोण?

११ फेब्रुवारी, बुधवार

सातवा प्रयोग लागू पडला. डिस्टिल्ड पाणी, साधा शाम्पू मोजून अगदी थोडा, आणि आणखी एक चमचाभर काहीतरी, जे तो मलाही सांगत नाही. चमचा हिच्या स्वयंपाकघरातला. दोन दिवस ती शोधत होती आणि आम्ही दोघं मख्खासारखे जेवत होतो.

खरं सांगायचं तर पाणी झकास झालंय. गोळा बर्फावरून गेल्यासारखा जातो, आवाज नाही की अडखळणं नाही. त्याने बाटलीवर '७' लिहिलं, मागे सरून बघत राहिला, मग परत जवळ जाऊन आकडा गिरवून जाड केला. त्याला इतकं खूश मी आजवर पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर हिला म्हणाला, "ताई, आयुष्यात एक गोष्ट माझ्या डोक्यातून निघाली." हिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि चमचा परत मागितला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्या चार गाड्या झाल्या. दोन पांढऱ्या, एक लाल, एक चंदेरी. लोक पिशवीत हात घालून बघतात आणि परत परत बोटं फिरवतात. पैसे देऊन झाल्यावरसुद्धा एक गृहस्थ आपल्याच गाडीला कुरवाळत उभे होते.

शास्त्रज्ञांचा एक नियम मात्र मला जाचतो. गोळा जमिनीवर पडला की थेट कचऱ्यात. मग तो नवा असो, नुकता उघडलेला असो. पडल्यावर त्यात बारीक खडा शिरतो आणि कितीही मळला तरी आतच राहतो, असं त्याचं म्हणणं. भिंतीवर पुठ्ठा टांगलाय: 'पडला की गेला'. या आठवड्यात माझ्या हातून तीन पडले आणि तिन्ही त्याने माझ्यासमोर कचऱ्यात टाकले. टाकताना शाळेतल्या मास्तरासारखं तोंड केलं. दुकान माझं आहे, हे त्याला कधीतरी सांगायला हवं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दाताच्या डॉक्टरीणबाईंची गाडी. आमची पहिली काळी. बाईंच्या दवाखान्यात रोज गाडीवाली माणसं आ वासून बसलेली असतात. त्यांची गाडी चांगली झाली तर आमचं नाव व्हायला वेळ लागणार नाही. शास्त्रज्ञ काम सुरू करून देऊन डिस्टिल्ड पाणी आणायला गेले आणि तिकडेच अडकले. जाताना बजावलं, "पाणी मारताना हात आखडू नका, भावोजी."

निळीची शेवटची वडी होती, नवा माल सोमवारी येणार. बॉनेट, छप्पर, डावी बाजू फार सुरेख झाली. ड्रायव्हरचं दार निम्मं झालं होतं, तेवढ्यात हिचा फोन आला आणि गोळा हातातून निसटला. लगेच उचलला. फरशी सकाळीच धुतलेली. वरचा थर चिमटून काढला, चांगला मळला आणि पुढचं काम उरकलं. बाई चारला यायच्या होत्या. एवढ्याशासाठी त्यांना सोमवारी या म्हणणं बरं दिसलं नसतं.

आभाळ भरून आलं होतं, तरी गाडी चमकत होती. बाई खूश होऊन गेल्या. शास्त्रज्ञ आले तेव्हा गाडी निघूनही गेली होती. "मला बघायची होती हो," म्हणाला. एकंदरीत दिवस चांगला गेला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दिवस वाईट गेला.

दहाला डॉक्टरीणबाई परत आल्या. स्वभावाने शांत, आवाज चढवला नाही. "काल उजेड नव्हता, दिसलं नाही," एवढंच म्हणाल्या आणि गाडी उन्हात उभी केली. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या भागात आणि मागच्या दारावर सरळ रेघा होत्या, मांजराने ओरबाडावं तशा.

तो गुडघ्यांवर बसला. टॉर्च तिरका धरून वरपासून खालपर्यंत बघत राहिला. फार वेळ बघत होता. मग मला ऐकू येईल इतकंच म्हणाला, "गोळा पडला होता का, भावोजी?"

"नाही," मी म्हणालो. विचार करण्याआधीच तोंडातून निघालं.

बाईंनी विचारलं, नेमकं काय वापरलंत? मी म्हणालो, क्ले विकतचा आहे, पाणी मात्र आमच्याकडेच बनतं. यात एक अक्षर खोटं नाही. पुढचं बाईंनी आपल्या मनाने जुळवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो उठला, गुडघे झटकले. "हो, पाणी मी बनवतो," म्हणाला. बाई म्हणाल्या, मी दुसरीकडून पॉलिश करून घेईन, पण लोकांच्या गाड्यांवर प्रयोग करत जाऊ नका.

मला वाटतं, दोष पाण्याचाच असणार. त्या चमच्यात काय होतं कोण जाणे. काळ्या रंगावर कदाचित तसं होत असेल. आणि त्याने तरी कुठे नाकारलं? त्यालाही मनातून पटलं असेल.

१ मार्च, रविवार

हिला टायरवाल्याच्या बायकोकडून समजलं. मी सांगितलेलं नव्हतं. दुपारी तिघं जेवायला बसलो तर हिने सुरुवातच केली. "धाकट्या, ह्यांनी तुला जागा दिली, काम दिलं, आणि तू त्यांच्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर आपली हौस भागवलीस? तुझ्या त्या पाण्यापायी ह्यांना मान खाली घालावी लागली." बरंच बोलली. तिचा राग असाच, भरकन पेटतो. आणि माझ्यासाठीच चिडली होती, त्यामुळे मधे पडणं अवघड झालं.

तो तिच्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी तिला आवरावं, असं त्याला वाटत असावं. मी म्हणालो, "जाऊ दे आता, जेवू दे त्याला."

त्याने ताट अर्धं टाकलं. हात धुतला आणि "येतो, ताई" म्हणून गेला. ही नंतर स्वयंपाकघरात रडली. म्हणाली, "जास्त बोलले का हो मी?" मी म्हणालो, नाही.

४ मार्च, बुधवार

सकाळी दुकान उघडल्यावर तो म्हणाला, "भावोजी, तुम्हाला मला काही सांगायचंय का?" मला वाटलं, नवीन पाण्याचा विषय काढतोय. मग मीच सांगून टाकलं की यापुढे जांभळी बाटलीच आणू, उगाच कुणाला बोलायला जागा नको.

तो "बरं" म्हणाला. सात नंबरचा डबा उचलला आणि मोरीत ओतला. सगळा. ओतताना घाई केली नाही. मग डबा विसळून पालथा घातला, पुठ्ठा भिंतीवरून काढून बगलेत मारला आणि निघाला.

"कुठे चाललास?"

"बघतो कुठेतरी."

दुपारपर्यंत येईल, असं धरून चाललो होतो.

१८ मार्च, बुधवार

आज जे केलं ते लिहून ठेवतो.

फडक्यांच्या कपाटात सात नंबरची एक अर्धी बाटली सापडली. त्याची नजर चुकून राहिलेली. भंगारातलं काळं बॉनेट अजून मागे पडलंय. दुकानात कुणी नव्हतं. बॉनेट धुतलं, नवी निळी वडी काढली आणि सात नंबर मारून काम केलं. उन्हात नेऊन बघितलं. एकही रेघ नाही. परत केलं. मुद्दाम पाणी कमी मारून केलं. फार तर थोडं धुरकटलं, रेघ नाही. दहा वेळा केलं असेल.

मग फरशी धुतली. त्या दिवशी धुतली होती तशीच, ब्रश मारून. गोळा हातातून सोडला. उचलला, वरचा थर चिमटून काढला, मळला. दोन हात फिरवले.

तीन रेघा. सरळ, मांजराने ओरबाडावं तशा.

हे मला त्या दिवशीच माहीत होतं. लिहिताना 'कदाचित' आणि 'असणार' घालत गेलो, पण माहीत होतं. माझी लाज वाटते. त्याच्या आयुष्यात एक गोष्ट त्याच्या डोक्यातून निघाली होती आणि ती मी त्याच्याच हातांनी मोरीत ओतायला लावली.

उद्या घरी जेवायला बोलावून दोघांसमोर सांगतो.

९ एप्रिल, गुरुवार

सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी मी केला नाही. आता समजलंय की तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या गाड्यांच्या शोरूममध्ये लागलाय. खोलीही तिकडेच घेतली.

आज ही बाजारातून आली ती पिशव्या तशाच ठेवून खुर्चीत बसली. रस्त्यात तो दिसला होता. हिने हाक मारली. त्याने ऐकली, थांबला, हात वर केला आणि पलीकडच्या बाजूला निघून गेला. "चूक ह्याची आणि रुसवाही ह्याचाच," ती म्हणाली. "आईच्या मागे मी वाढवला हो त्याला. एवढं बोलायचा हक्क नाही मला?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पिशवीतल्या भाज्या काढून ठेवायला लागलो. तिला वाटलं, मदत करतोय. "राहू द्या, दमला असाल," म्हणाली.

२ मे, शनिवार

शोरूमपर्यंत गेलो. समोरच्या फुटपाथवरून तो दिसला, रांगेतल्या ओल्या गाड्या पुसत होता. सर्वांना असतो तसा निळा गणवेश. जाताना बसमध्ये काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण त्याचा साहेब आला आणि त्याला काहीतरी समजावू लागला, गाडी कशी पुसायची ते. त्याला! तो मान हलवून ऐकत होता.

साहेबासमोर नको, असं मनाशी म्हणून परत आलो. कारणांना मला कधी तोटा पडत नाही.

२३ मे, शनिवार

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. गाडी नुसती धुवायची होती, जवळ पडतं म्हणून. मी ओशाळून उभा. त्या म्हणाल्या, "अहो, पॉलिशवाला सांगत होता, पाण्याने अशा रेघा येत नाहीत. गोळ्यात खडा असणार म्हणे. मी उगाच तुमच्या त्या माणसाला बोलले. त्याला सांगा, मनावर घेऊ नको."

"सांगतो," मी म्हणालो.

"सांगा नक्की. बिचारा एक शब्द बोलला नाही हो."

त्या गेल्यावर मी दुकान बंद केलं. भर दुपारी.

२६ मे, मंगळवार

गेलो. हिला सांगून गेलो की त्याला भेटायला चाललोय. तिने घाईघाईने डब्यात काहीबाही भरून दिलं.

शोरूमच्या मागे नळापाशी तो फडकी पिळत होता. मला बघून दचकला नाही. डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि बाजूला ठेवला.

"गोळा पडला होता," मी म्हणालो. "त्या दिवशी. पडला होता आणि मी तोच वापरला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"टॉर्च मारला तेव्हापासून." पिळलेलं फडकं झटकून त्याने दोरीवर टाकलं. "पाणी बिघडलं तर रंग धुरकटतो, भावोजी. रेघ उठते ती खड्याने. वरचं अर्धं दार स्वच्छ आणि खाली रेघा. पाण्याला मधेच काय झालं?"

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"गिऱ्हाइकासमोर? दुकान तुमचं आहे. म्हटलं, त्या गेल्यावर सांगाल. मग म्हटलं, रविवारी ताईसमोर सांगाल. मग बुधवारी विचारूनही पाहिलं."

म्हणजे तो मदतीसाठी बघत नव्हता, वाट बघत होता. माझे पाय नळाच्या पाण्यात भिजत होते. "चुकलं रे माझं," मी म्हणालो. "फार चुकलं. परत ये. सात नंबर परत सुरू करू. तुझ्या नावाने करू."

"नको. आता प्रमाण आठवत नाही." त्याला आठवत होतं. त्याला सगळं आठवतं. पुढचं फडकं घेत त्याने विचारलं, "ताईला सांगितलंत?"

मी डब्याचं झाकण घट्ट बसवायला लागलो.

"मला तर माहीतच होतं, भावोजी. मला सांगायला एवढ्या लांब कशाला आलात?"

परत येताना बसमध्ये ठरवलं की घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगायचं, चपला काढायच्या आधी. हिने दार उघडलं. आधी पाण्याचा पेला पुढे केला. तिचा चेहरा असा झाला होता की जणू परीक्षेचा निकाल ऐकायला उभी आहे.

"भेटला? काय म्हणाला? माफी मागितली ना त्याने?"

मी "हो" म्हणालो.

का म्हणालो ते लिहिता येत नाही. तीन महिन्यांत हाच एक शब्द तिला ऐकायचा होता, आणि माझ्या जिभेवर तो आयता तयार होता. तिने डोळे मिटून घेतले. "तेवढंच हवं होतं मला," म्हणाली.

२७ मे, बुधवार

सकाळी तिने माझ्यासमोरच त्याला फोन लावला. या वेळी त्याने उचलला. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

"धाकट्या, ह्यांनी सांगितलं मला. तू माफी मागितलीस, झालं, मी सगळं विसरले. आता हट्ट सोड."

मग ती ऐकत राहिली. पलीकडे बराच वेळ काहीच नसावं, कारण तिने दोनदा "हॅलो" केलं. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. खरं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्याने सांगितलं तर मला सांगावं लागणार नव्हतं.

"वेडा कुठला," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. फोन ठेवल्यावर हसत होती. "म्हणाला, 'चुकलंच माझं, ताई. रविवारी येतो.' लहानपणी असाच होता. चूक कबूल करायला वेळ लावायचा, पण करायचा."

आता सांगितलं तर तिचं हे हसणं जाईल, म्हणून सांगितलं नाही. एवढं चांगलं कारण मला आजवर मिळालं नव्हतं.

३१ मे, रविवार

तो आला होता.

हिने पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. तो आपल्या नेहमीच्या जागी बसला. थोडा वाळलाय. बोटांना भेगा पडल्यात. शोरूममध्ये काय साबण देतात कोण जाणे. त्याने मला नमस्कार केला, तब्येत विचारली, टायरवाल्याची चौकशी केली. आवाजात कुठे काही टोचणारं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

जेवणं निम्म्यावर आली असताना हीच म्हणाली, "झालं गेलं ते झालं. आता परत ह्यांच्याकडे ये बघू. दोघं मिळून करा काम."

तो भात कालवत होता. कालवायचं थांबवलं नाही. "नको, ताई. ते नाजूक काम आहे. त्याला हात लागतो. माझ्या हातून ते होण्यासारखं नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. या वेळी तो वाट बघत नव्हता.

आत्ता, आत्ता, असं मनात म्हणत होतो. तेवढ्यात हिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. सगळ्यांना सगळं थोडंच जमतं?" म्हणाली, आणि त्याला वाढता वाढता माझ्याकडे वळून कौतुकाने विचारलं, "बघा, किती समजूतदार झालाय माझा भाऊ. हो ना हो?"

मी "हो" म्हणालो.